पहिल्या चढाईपटूला परत कोण आणतं?

प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात, म्हणजे 2018 साली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईने यू मुंबासाठी चढाईचे 218 गुण मिळवले. सातव्या हंगामात, 2019 साली, तो तेलुगू टायटन्सकडे गेला आणि तिथे त्याने 217 गुण मिळवले. फरक फक्त एका गुणाचा. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं होतं, टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली ठरली. सिद्धार्थला घेऊन यू मुंबा आपल्या गटात दुसरी आली आणि बाद फेरीत पोहोचली. त्याच सिद्धार्थला घेऊन टायटन्स बारा संघांत अकरावे आले.

आपल्या उपनगरांत, वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत, लिलावाच्या दिवशी मंडळाच्या पोरांत एकच प्रश्न फिरत असतो: कोण कितीला गेला? चढाईची आखणी करणाऱ्या प्रशिक्षकाच्या डोक्यात वेगळा प्रश्न असतो. आपला पहिला चढाईपटू बाद होऊन बाकावर बसला की त्याला परत मैदानात कोण आणणार? माझ्या मते लिलावाचं सगळं गणित या एका प्रश्नाभोवती फिरतं. तो नीट कळला की सिद्धार्थच्या दोन हंगामांचं कोडंही सुटतं. त्यासाठी आधी मॅटवर काय घडतं ते सावकाश पाहावं लागेल.

पुरुषांच्या सामन्यात 13 मीटर बाय 10 मीटरचं मैदान असतं. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू. सामना 20-20 मिनिटांच्या दोन डावांचा. चढाईला 30 सेकंद मिळतात आणि दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करतात. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली असं धरलं, तर 40 मिनिटांत 80 चढाया होतील, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साधारण 40. या चाळीस चढाया कोणाकोणाला वाटून द्यायच्या, हे चढाईच्या प्रशिक्षकाचं मूळ काम. बघणाऱ्याला वाटतं की सगळ्यांत चांगल्या खेळाडूला जितक्या जास्त देता येतील तितक्या द्याव्यात. ते खरंही आहे. पण तो मैदानात असेल तरच त्या देता येतात, आणि कबड्डीचा नियम त्याला वारंवार बाहेर बसवतो.

चढाईपटूची पकड झाली की प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, शिवाय त्यांचा आधी बाद झालेला एक खेळाडू जिवंत होऊन मैदानात येतो. आपला चढाईपटू मात्र बाकावर जातो. एका पकडीचं नुकसान असं तिन्ही बाजूंनी होतं. आता तो परत कधी येणार? आपल्या संघाने गडी बाद करून गुण मिळवला की आपला एक गडी जिवंत होतो, आणि हे जिवंत होणं रांगेने असतं. जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. इथे प्रशिक्षकाची मर्जी चालत नाही. रांगेत तिसऱ्या क्रमांकावर बसलेला चढाईपटू कितीही मोठा असला, तरी त्याच्या पुढचे दोघे आत गेल्याशिवाय त्याला जागेवरून हलता येत नाही.

एक प्रसंग कल्पून पाहू. आपले दोन बचावपटू आधीच बाद होऊन बसले आहेत आणि आता आपला पहिला चढाईपटू पकडला गेला. मैदानात चौघे उरले. दुसरा चढाईपटू आत गेला आणि बोनस घेऊन आला. फलकावर एक गुण चढला, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, पण बाकावरचा एकही गडी उठला नाही. बोनसच्या गुणावर कुणी जिवंत होत नाही. हा नियम टीव्हीवर सामना पाहणाऱ्या कित्येकांच्या लक्षात येत नाही, आणि चढाईची सगळी आखणी याच नियमावर उभी असते. पुढच्या खेपेला दुसऱ्याने एका गड्याला हात लावला, तर रांगेतला पहिला आत आला. मग आपल्या बचावाने एक पकड केली, दुसरा आत आला. आणखी एक स्पर्श झाला, तेव्हा कुठे आपला मोठा गडी उठला. आपली एक चढाई आणि समोरच्यांची एक मिळून जवळपास एक मिनिट जातं. दर चढाईला गुण मिळत नाही. वीस मिनिटांच्या डावातली चार-पाच मिनिटं अशी सहज निघून जातात, आणि तेवढ्या वेळात समोरचा संघ उरलेल्या चौघांना संपवून लोणही देऊ शकतो.

लोण म्हणजे सगळा संघ बाद. प्रतिस्पर्ध्याला दोन जादा गुण मिळतात आणि आपले सातही जण पुन्हा मैदानात येतात. म्हणूनच कधी कधी एखाददुसराच गडी उरला असताना जाणता प्रशिक्षक तो वाचवायची फार धडपड करत नाही. दोन गुण जाऊ दे, पण मुख्य चढाईपटू आत येऊ दे, असा तो हिशेब असतो. कट्ट्यावरून पाहणाऱ्याला वाटतं की संघाने हात टेकले. प्रत्यक्षात आपला गडी सोडवून आणण्याची ती मोजलेली किंमत असते. ही किंमत सामन्यात एकदा परवडते. तीनदा मोजावी लागली तर सामना हातचा गेला समजावं.

या सगळ्यावर इलाज एकच, आणि तो लिलावातच विकत घ्यावा लागतो: हमखास स्पर्शाचा गुण आणणारा दुसरा चढाईपटू. एका चढाईत दोन गडी बाद करण्याची ताकद त्याच्यात असेल, तर रांगेतले दोघे एका झटक्यात आत येतात. त्याच्या नावावर हंगामाअखेर 110 किंवा 120 गुण दिसतील. वर्तमानपत्रात त्याचा फोटो येणार नाही. पण त्याने आणलेल्या प्रत्येक स्पर्शाच्या गुणामागे पहिल्या चढाईपटूच्या पुढच्या चढाया दडलेल्या असतात. पहिल्याचे 200 गुण दुसऱ्याच्या 110 वर उभे असतात, हे मी पुन्हा सांगतो, कारण गुणांच्या तक्त्यात हे नातं कुठेही छापलेलं नसतं.

अमेरिकी फुटबॉलमध्ये आक्रमणाची आखणी करायला मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली एक स्वतंत्र प्रशिक्षक असतो. तिथे नव्या खेळाडूंचा लिलाव होत नाही, निवड होते. 1936 पासून ही पद्धत सुरू आहे. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते आणि विजेत्याला त्या फेरीत सगळ्यांत शेवटची. आक्रमणाचा प्रशिक्षक निवडीआधी सांगतो की मला चेंडू फेकणारा नवा नको, त्याला फेकायला वेळ मिळवून देणारे पुढच्या फळीतले धिप्पाड गडी द्या. चेंडू फेकणाऱ्याचं नाव मोठं होतं, पण त्याला सावरणारा ढिला पडला तर तो जमिनीवर आपटतो. विचार आपल्याकडचाच आहे. फरक इतकाच की तिथे पाळी येते आणि इथे पैसा लागतो. त्यामुळे आपल्या प्रशिक्षकाला खेळाशी आणि किमतीशी एकाच वेळी झुंजावं लागतं.

पैशाकडे येऊ. अलीकडच्या हंगामांत प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला लिलावासाठी 5 कोटींची पर्स असते. खेळाडूंचे चार गट पाडतात. अ गटाची मूळ किंमत 30 लाख, ब ची 20, क ची 13 आणि ड ची 9 लाख. प्रत्येक गटात पुन्हा अष्टपैलू, बचावपटू आणि चढाईपटू अशी विभागणी असते. संघात किमान 18 खेळाडू लागतात. आधीच्या हंगामातून कायम ठेवलेल्या खेळाडूंचा खर्चही याच पर्समधून वजा होतो. सोडलेला खेळाडू दुसऱ्या संघाने जिंकला, तर त्याच्या जुन्या संघाला शेवटच्या बोलीइतके पैसे देऊन त्याला परत घेण्याची सोय असते. तिला फायनल बिड मॅच म्हणतात.

आता भागाकार करून पाहा. एका चढाईपटूवर अडीच कोटी घातले, तर उरलेल्या सतरा जणांसाठी अडीच कोटी राहतात. सरासरी पावणेपंधरा लाख. म्हणजे क गटाच्या मूळ किमतीपेक्षा जेमतेम वर. त्यातच कोपरारक्षक, मध्यरक्षक, दुसरा चढाईपटू आणि राखीव खेळाडू बसवायचे. मोठ्या नावाची खरी किंमत त्याच्या बोलीत दिसत नाही, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळते, जेव्हा क गटातला एखादा चांगला गडी पुकारला जातो आणि संघाच्या टेबलावरचा फलक वर जात नाही. लिलावाचे दोन दिवस पाहणाऱ्याने माझं ऐकावं आणि पहिला दिवस सोडून दुसरा पाहावा. प्रशिक्षकाचं डोकं तिथे दिसतं.

याचे दाखले प्रो कबड्डीच्या इतिहासात इतके स्पष्ट आहेत की संघमालक ते पुन्हा पुन्हा विसरतात याचं मला नवल वाटतं. 2018 च्या लिलावात पहिल्यांदा सहा खेळाडूंनी एक कोटीचा टप्पा गाठला. मोनू गोयत 1 कोटी 51 लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला, राहुल चौधरी तेलुगू टायटन्सकडे, नितीन तोमर पुणेरी पलटणकडे, दीपक हुडा जयपूर पिंक पँथर्सकडे, आपला मुंबईकर रिशांक देवाडिगा 1 कोटी 11 लाखांना यूपी योद्धाकडे आणि इराणचा फझल अत्राचली बरोबर एक कोटीला यू मुंबाकडे. त्या हंगामाचा अंतिम सामना वरळीच्या डोममध्ये 5 जानेवारी 2019 रोजी झाला आणि बंगळुरू बुल्स जिंकले. सहा कोट्यधीशांपैकी एकही त्यांच्याकडे नव्हता. सर्वांत महागड्या मोनूचा हरियाणा संघ आपल्या गटात तळाला राहिला.

बुल्सचा पवन सेहरावत त्या अंतिम सामन्यात 22 गुण मिळवून गेला आणि पुढे त्याची किंमत चढतच राहिली. 2022 मध्ये तमिळ थलाइवाजने त्याच्यावर 2 कोटी 26 लाख लावले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगामाला मुकला. 2023 मध्ये तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले, म्हणजे पर्सच्या अर्ध्याहून जास्त. पवनने आपलं काम चोख केलं, दोनशेवर गुण आणले. टायटन्सनी 22 सामन्यांपैकी फक्त 2 जिंकले आणि ते शेवटच्या क्रमांकावर राहिले. पवनला कुणी दोष देऊ नये. तो बाद झाला की त्याला परत आणायला पुरेसे हात उरले नव्हते, आणि ते हात त्याच्याच किमतीत गेले होते.

त्याच हंगामात पुणेरी पलटण विजेते ठरले. साखळीत त्यांनी फक्त 2 सामने गमावले. त्यांच्या चढाईची फळी अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे यांची होती. चौघे तरुण, आणि त्या हंगामात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या चढाईपटूंत पहिला त्यांच्यापैकी कुणीच नव्हता. पण एक पकडला गेला की दुसरा तयार, दुसरा गेला की तिसरा. समोरच्या बचावाला कोणा एकावर डोळा ठेवून बसता येत नव्हतं. पुण्याने मोठा पैसा लावला तो बचाव करणाऱ्या इराणी अष्टपैलूवर. मोहम्मदरेझा शादलुईला त्यांनी 2 कोटी 35 लाखांना घेतलं आणि त्याने पकडींचे 99 गुण मिळवले. पुढच्या वर्षी तोच शादलुई 2 कोटी 7 लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि डिसेंबर 2024 मध्ये बालेवाडीला हरियाणा पहिल्यांदा विजेता झाला. त्या संघाच्या चढाईत विनय आणि आपला मराठी शिवम पटारे होते, दोघेही कोटीच्या बोलीतले नव्हेत.

चढाईचा विचार करणाऱ्याला बचावपटूचं इतकं कौतुक का? कारण पकडीच्या गुणावरही आपला गडी जिवंत होतो. बोनसने होत नाही, पकडीने होतो. बाकावर बसलेल्या चढाईपटूच्या दृष्टीने मैदानातला कोपरारक्षक हा त्याचा सुटकेचा दुसरा दरवाजा आहे. शिवाय मैदानात आपले तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली, तर ती अव्वल पकड ठरते आणि दोन गुण मिळतात. संघ कोसळत असताना असा एक कोपरा लोण टाळतो, गुणांची दरी बुजवतो आणि चढाईपटूला वेळेत आत आणतो. म्हणून मी म्हणेन की चढाईच्या प्रशिक्षकाने लिलावात पहिला हट्ट धरावा तो भक्कम कोपऱ्याचा. ऐकायला उलटं वाटतं, पण यू मुंबाने 2018 मध्ये नेमकं हेच केलं होतं. इराणी प्रशिक्षक गुलामरेझा माझंदरानी यांच्या हाताखाली संघ उभा राहिला. एक कोटी डाव्या कोपऱ्यातल्या फझलवर गेले आणि चढाईचा भार 36 लाखांच्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या सिद्धार्थवर आला. फझलने त्या हंगामात पकडींचे 83 गुण घेतले. सिद्धार्थच्या 218 गुणांत फझलचा घोटा धरणारा हात आहे. टायटन्सनी पुढच्या वर्षी 218 गुणांची किंमत मोजली, तो हात मात्र मुंबईतच राहिला.

सिद्धार्थ गेल्यावर मुंबईचं काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. 2019 मध्ये यू मुंबाकडे दोनशे गुणांचा एकही चढाईपटू नव्हता. अभिषेक सिंग, अर्जुन देशवाल, अतुल एम. एस. अशा नव्या-जुन्यांत चढाया वाटल्या गेल्या आणि संघ उपांत्य फेरीत पोहोचला. तिथे तो बंगाल वॉरियर्सकडून 37-35 असा दोन गुणांनी हरला, आणि पुढे बंगालच विजेता झाला. त्या यादीतला अर्जुन देशवाल नंतर जयपूरचा पहिला चढाईपटू झाला आणि डिसेंबर 2022 मध्ये वरळीच्याच डोममध्ये जयपूरला त्याने विजेतेपद मिळवून दिलं. आजचा दुसरा उद्याचा पहिला असतो, आणि स्वस्तात मिळतो तो दुसरा असतानाच.

आता चढाईपटू कोणत्या जातकुळीचे हवेत ते पाहू, कारण नुसते तीन-चार चांगले गडी घेऊन भागत नाही. समोर किती बचावपटू आहेत त्यानुसार चढाईचा प्रकार बदलतो. समोर सहा किंवा सात असतील तर बोनस मिळू शकतो. अशा वेळी लांब पायांचा, तोल सावरणारा, बोनस रेषेवर पाय टाकून दुसरा हवेत ठेवणारा गडी कामाचा. समोर पाच किंवा चार राहिले की बोनस बंद. आता अंगाला हात लावावाच लागतो. इथे धावता धावता हात मारणारा, कोपऱ्यात उडी घेणारा, साखळी जवळ आली की खालून डुबकी मारून निसटणारा गडी हवा. परदीप नरवालने डुबकीच्या जोरावर 2017 च्या हंगामात 369 गुण मिळवले. तिसरी अवस्था समोर तीन किंवा कमी गडी असतानाची. लोण दिसत असतो, प्रेक्षक ओरडत असतात आणि उतावळा चढाईपटू आत घुसून अव्वल पकडीत सापडतो. इथे डोकं थंड ठेवणाराच लागतो. यू मुंबाने 2015 मध्ये विजेतेपद मिळवलं, तेव्हा कर्णधार अनुप कुमार हा असा गडी होता. त्याच्या चढाईत घाई कधी दिसलीच नाही.

तिसरी चढाई हा आणखी वेगळा विषय. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. मैदानावर तिला थर्ड रेड म्हणतात. समोरच्या सगळ्या बचावाला ठाऊक असतं की हा आता निदान रेषा ओलांडून परत फिरणार नाही, हा काहीतरी करणारच. कोपरे दबा धरून बसतात. पहिला चढाईपटू या चढाईवर धाडला आणि पकडला गेला, तर तो पुन्हा रांगेत. म्हणून अनुभवी प्रशिक्षक तिसऱ्या चढाईसाठी वेगळा माणूस ठेवतात, पुष्कळदा तो बाकावरून येतो. रिशांक देवाडिगाने यू मुंबाकडून हेच काम करत नाव कमावलं. अनुप, शब्बीर बापू आणि रिशांक या तिघांची कामं एकमेकांवर चढत नव्हती, म्हणून ती फळी इतकी जमली. लिलावात तिसऱ्या चढाईचा माणूस अनेकदा क किंवा ड गटात सापडतो. त्याचे एकूण गुण कमी असतात म्हणून तो स्वस्त असतो. त्याने कोणत्या चढाईवर ते गुण मिळवले, हे ज्याने टिपून ठेवलं असेल त्याला तो दिसतो.

बाजूचाही विचार करावा लागतो. चढाईपटूच्या उजव्या हाताला समोरच्यांचा डावा कोपरा येतो आणि डाव्या हाताला उजवा. पहिला आणि दुसरा चढाईपटू दोघेही एकाच बाजूने घुसणारे असतील, तर समोरचा प्रशिक्षक आपला सगळ्यांत चांगला कोपरा तिथे लावून मोकळा होतो, आणि दुसरा कोपरा सामनाभर आरामात राहतो. एक डावीकडून आणि एक उजवीकडून जाणारा असला की बचावाची साखळी दर चढाईला उलटी फिरवावी लागते, आणि साखळी वळताना हात सुटतात. बोलीच्या गरमागरमीत हा साधा मुद्दा निसटतो. दोन मोठी नावं घेतली, दोघेही एकाच बाजूचे, असं होऊन बसतं.

या चित्रात आपल्या उपनगरातली पोरं कुठे बसतात? प्रो कबड्डीच्या झगमगाटाच्या कितीतरी आधीपासून इथे कबड्डी रुजलेली आहे. बोरिवली-कांदिवलीपासून भांडुप-मुलुंड आणि घाटकोपरपर्यंत वस्त्यावस्त्यांत मंडळं आहेत. किशोर, कुमार आणि पुरुष गटांतून खेळाडू वर येतो, मुंबई उपनगर कबड्डी असोसिएशनच्या स्पर्धांतून जिल्ह्याच्या संघात जातो, तिथून राज्य अजिंक्यपद आणि मग महाराष्ट्राच्या संघाचं दार. दुसरी वाट व्यावसायिक गटाची. रेल्वे, बँका, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्रा, मुंबई पोलीस अशा संघांनी मुंबईच्या कबड्डीपटूला पिढ्यान्‌पिढ्या नोकरी दिली, आणि त्या नोकरीमुळे खेळ टिकला. आता तिसरी वाट नवोदितांची. लिलावाबाहेर नव्या तरुण खेळाडूंना करारबद्ध करण्याची मुभा संघांना असते. नवीन कुमार असाच 2018 मध्ये दबंग दिल्लीत आला आणि पुढच्याच हंगामात तीनशेच्या वर गुण मिळवून बसला.

या तिन्ही वाटांवर उभ्या असलेल्या मुलाला माझं सांगणं आहे की प्रत्येक मंडळात एक पहिला चढाईपटू असतोच, त्याची नक्कल करू नये. बारा संघांना मिळून पहिले बाराच लागतात. दुसरे, तिसरे, थर्ड रेडवाले आणि कोपरे याच्या कितीतरी पट लागतात. बोनस घेता येतो एवढ्यावर समाधान मानू नये, कारण बोनसने फलक हलतो, बाक हलत नाही. डाव्या बाजूने जाण्याची सवय असेल तर उजव्या बाजूने जायचा सराव करावा. मातीवर वाढलेल्या मुलाने मॅटवरचा पायाचा वेग वेगळा शिकावा, मॅटवर बूट घालून वळणं हे मातीत अनवाणी वळण्याहून वेगळं असतं. आणि सराव सामन्यात संघाचे चारच गडी उरले असताना चढाईला जायची संधी मागून घ्यावी. बहुतेक पोरं तेव्हा मागे सरतात.

मंडळांच्या प्रशिक्षकांनाही एक विनंती आहे. आपल्या स्पर्धांत सर्वोत्कृष्ट चढाई आणि सर्वोत्कृष्ट पकड अशी दोन बक्षिसं ठरलेली असतात, अष्टपैलूला तिसरं. गुणलेखकाच्या शेजारी एका मुलाला वही घेऊन बसवा आणि त्याला एवढंच लिहू द्या: कोणाच्या गुणावर कोण जिवंत झालं. प्रत्येक स्पर्शासमोर आणि प्रत्येक पकडीसमोर आत आलेल्या गड्याचं नाव. बोनससमोर रिकामी जागा. एक स्पर्धा संपेपर्यंत त्या वहीत तुमच्या संघाचा खरा दुसरा चढाईपटू सापडेल, आणि तो बहुधा तुम्ही समजत होता त्याहून वेगळा निघेल. पुढच्या सामन्यात त्याच्या चढाया वाढवा. लिलावासाठी खेळाडू शोधणारी माणसं मंडळाच्या मैदानावर आली, तर त्यांच्या हातात ती वही द्या.